वाळवंटातल्या रणगाड्याचा फोटो: वजन दिसलं पाहिजे, ठिकाण नाही

प्रश्न शिरोळ तालुक्यातल्या एका तरुण जवानाचा आहे. भरती होण्याआधी तो मामाच्या स्टुडिओत लग्नाचे फोटो काढायचा. सध्या पलटणीबरोबर वाळवंटात सीमेवर तैनात आहे, आणि सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांनी युनिटचा कॅमेरा त्याच्याकडे सोपवलाय. त्याचं म्हणणं असं: रणगाडा समोरून येताना छाती दडपते, पण फोटोत तो खेळण्यातला वाटतो. दुपारी काढलेलं सगळं फिक्कं आणि हललेलं येतं. कॅमेऱ्यात वाळू जाऊन झूम करकरायला लागलाय. आणि आईला घरी कुठला फोटो पाठवला तर चालेल?

भावा, एवढं सगळं लिहिलंस आणि ठिकाणाचं नाव कुठंच लिहिलं नाहीस. इथंच मला तुझा भरवसा वाटला. मी मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीत होतो, बीएमपी-२ या चिलखती गाडीवर. ऑपरेशन पराक्रममध्ये सैन्य सीमेवर उभं होतं तेव्हा, म्हणजे डिसेंबर २००१ पासून पुढचं वर्ष सरत येईपर्यंत, आमची पलटण राजस्थानच्या वाळूत होती आणि फोटोंचं काम माझ्याकडं होतं. तेव्हा रोल होते, आता कार्डं आहेत. ऊन आणि वाळू मात्र तीच आहे. आता कोल्हापुरात पोरांना फोटोग्राफी शिकवतो.

पहिल्यांदा खेळण्याचं बघू. गावात रणगाडा आणून उभा केला तर तो प्रचंड दिसेल, कारण शेजारी घर असतं, विजेचा खांब असतो, माणसं असतात. वाळवंटात शेजारी काहीच नसतं. वाळू आणि आभाळ यांच्या मध्ये एक ठिपका. आणि तू बहुतेक लांब उभा राहून, डोळ्याच्या उंचीवरून, पूर्ण गाडी फ्रेममध्ये बसवून फोटो काढत असणार. टी-७२ रणगाडा चाळीस टनांच्या वरचा आहे, अर्जुन रणगाडा तर त्याहूनही कितीतरी जड. हे वजन फोटोत यायला हवं, आणि वजन दिसतं ते खाली, जमिनीला जिथं टेकतं तिथं. खासबागेत कुस्तीचा फोटो काढताना आपण मल्लाच्या पायाखाली तांबडी माती कशी दबलीय ते बघतो, चेहरा नंतर. इथंही तसंच कर. गुडघ्यावर बस, कॅमेरा जमिनीपासून वीतभर वर आण आणि ट्रॅक (चाकांवरचा पोलादी पट्टा) वाळूत किती रुतलाय ते घे. ट्रॅकच्या पुढं वाळूची जी वळी उठते ती घे. गाडी ब्रेक मारते तेव्हा नाक खाली दबतं आणि पुढची चाकं सस्पेन्शनमध्ये वर सरकतात, तो क्षण पकड. टिब्ब्याच्या (वाळूच्या टेकडीच्या) माथ्यावरून उतरताना पुढचा भाग क्षणभर अधांतरी असतो आणि मग धाडकन बसतो. बसताना दोन्ही बाजूंनी वाळूचा पडदा उडतो, तेव्हा बोट शटरवर हवं.

दुसरा मार्ग माणसाचा. १२५ मिलिमीटरच्या तोफेची नळी साफ करायला तीन-चार जण लांब रॉड धरून एका तालात ढकलतात, ते काढ. ट्रॅकची पिन घणानं ठोकणारा जवान काढ. एक खांदा आणि एक घण फ्रेममध्ये आला की ट्रॅकची प्रत्येक लिंक (कडी) केवढी आहे ते बघणाऱ्याला आपोआप कळतं. ड्रायव्हरचं फक्त डोकं हॅचमधून (वरच्या झाकणातून) बाहेर असतं, गॉगल काढल्यावर डोळ्यांभोवती तेवढीच जागा स्वच्छ आणि बाकी चेहरा धुळीनं पिवळा. असे चेहरे मी रोज काढायचो, आणि आज जुने साथी भेटले की रणगाड्यांच्या फोटोंआधी तेच मागतात.

चालत्या गाडीच्या ट्रॅकची एक गंमत तुला सांगायची आहे, कारण ती नीट समजली की शटर कुठं ठेवायचं ते कुणाला विचारावं लागत नाही. गाडी ताशी ३० किलोमीटरनं चाललीय असं धर. त्या वेळी जमिनीला टेकलेला ट्रॅक जागच्या जागी उभा असतो. तो पसरलेला असतो आणि चाकं त्याच्यावरून धावत असतात. वरून पुढं जाणारा ट्रॅक मात्र जमिनीच्या हिशेबानं ६० नं पळतो. कॅमेरा स्थिर धरून साधारण १/१२५ ला जवळून काढलंस तर खालच्या लिंका वाळूत ठसठशीत दिसतील, हल, म्हणजे गाडीचं धड, किंचित पुसट आणि वरचा ट्रॅक पार वाहून गेलेला. बाजूला स्कर्ट (ट्रॅकवर लोंबणारे पत्रे) लावलेले असतील तर वरचा पट्टा झाकला जातो, मग पुढच्या आणि मागच्या टोकाला तो जिथं वळतो तिथं बघ. आणि गाडीबरोबर कॅमेरा फिरवलास, म्हणजे पॅनिंग केलंस, तर उलटं होतं: हल आणि टरेट (वरचा फिरता बुरूज) स्पष्ट, चाकं फिरतायत आणि पाठीमागची वाळू रेघांची. त्याला १/६० च्या आसपास लागतं. १/२००० ला काढलेला चालता रणगाडा पार्क केल्यासारखा दिसतो, हे लक्षात ठेव. भर उन्हात १/६० साठी एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) जवळ असलेला बरा. सुट्टीवर आलास की पॅनिंगचा सराव इथंच होतो: गळीत हंगामात ऊसाच्या ट्रॉल्या रस्त्यानं जात असतात, संध्याकाळी तिरप्या उन्हात उभा राहा. ट्रॅकसाठी खाणीतला पोकलेन बघ.

आता दुपारचे फिक्के आणि हललेले फोटो. त्यात दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोन्हींवर औषध वेगळं.

एक म्हणजे एक्स्पोजर. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतो. उन्हातली वाळू त्याहून बरीच उजळ असते, म्हणून मीटर फोटो काळवंडून टाकतो आणि मुळातच गडद असलेला रणगाडा आणखी बुडतो. मग नंतर उजळवायला गेलास की सावलीत दाणे दिसतात. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० ला १/१०० आणि एफ १६, किंवा तेच एफ ८ ला १/४००, एवढं पाठ ठेव आणि मॅन्युअलवर काढ. ऊन बदलत नाही तोवर रणगाड्याचं एक्स्पोजर बदलायचं कारण नाही, मग पाठीमागं आभाळ असो की टिब्बा. ऑटोवरच राहायचं असेल तर दोन तृतीयांश ते एक स्टॉप अधिक दे आणि हिस्टोग्रामचं (उजेडाच्या आलेखाचं) उजवं टोक बघ. स्क्रीनवर विश्वास ठेवू नकोस, त्या उन्हात ती काहीच सांगत नाही. रॉमध्ये, म्हणजे कच्च्या फाइलमध्ये काढ.

पण एक्स्पोजर बरोबर असूनही दुपारचा फोटो सपाटच येतो, कारण गाडीचा रंगच वाळूत मिसळून जाण्यासाठी दिलेला असतो. त्या रंगावर मात करते ती फक्त सावली. सूर्य उगवल्यावरचा पहिला तास-दीड तास आणि मावळण्याआधीचा तेवढाच वेळ. तेव्हा तिरपं ऊन टरेटवरच्या रिअ‍ॅक्टिव्ह आर्मरच्या (बाहेरून बसवलेल्या स्फोटक चिलखताच्या) एकेका विटेला वेगळी कड देतं, चाकांच्या मध्ये खोली दिसते. मला स्वतःला उन्हाच्या विरुद्ध उभं राहून काढायला फार आवडतं. संध्याकाळी गाडी धूळ उडवत येते, सूर्य तिच्या पाठीशी, सगळी धूळ पेटल्यासारखी होते आणि तिच्यातून टरेट आणि बॅरलची काळी आकृती पुढं येते. अशा फोटोत नंबर दिसत नाही, खुणा दिसत नाहीत, कुठली जागा ते कळत नाही. म्हणजे फोटो देखणाही होतो आणि सुरक्षितही. वाळवंटात काढलेले माझे सगळ्यांत चांगले फोटो याच जातीचे आहेत.

दुसरं दुखणं म्हणजे ‘हललेलं’. ते तुझ्या हाताचं नाही आणि लेन्सचंही नाही, मधल्या हवेचं आहे. जमीन तापली की तिच्यालगतची हवा उकळल्यासारखी हलते. लांबची लेन्स जितकी मोठी, तितकी मधली हवा जास्त. ४०० मिलिमीटरची महागडी लेन्स सकाळी दहानंतर तिथं निरुपयोगी ठरते, शटर कितीही वाढव. उपाय म्हणजे जवळ जा आणि ३५ किंवा ५० मिलिमीटरच्या लेन्सनं काढ, किंवा उंचीवर जा. हलणारी हवा जमिनीलगत जास्त असते, दुसऱ्या गाडीच्या टरेटवर उभं राहिलास तरी फरक पडतो. शिवाय गाडीची स्वतःची गरम हवा वेगळी. टी-७२ चा एक्झॉस्ट डाव्या बाजूला मागं आहे, बीएमपी-२ चं इंजिन पुढं आणि एक्झॉस्ट वर उजवीकडं. इंजिन चालू असताना त्या बाजूनं, त्या हवेतून पलीकडचा माणूस काढायला गेलास की चेहरा वितळलेला येतो. दुसऱ्या बाजूला जा.

वाळूबद्दल थोडक्यात सांगतो. वाळूत क्वार्ट्झ असतं आणि ते काचेपेक्षा कठीण असतं. म्हणून लेन्सवरची धूळ रुमालानं किंवा गळ्यातल्या फडक्यानं कधीच पुसायची नाही. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, आणि कापड शेवटी, लागलंच तर. पुढंमागं सरकणारा झूम म्हणजे पंपच, प्रत्येक वेळी धूळ आत ओढतो. तुझा करकरतोय तो आता बाजूला ठेव, ओढाताण करू नकोस, सुट्टीत कारागिराकडं दे. एक बॉडी, एक ५० किंवा ३५ ची लेन्स, आणि ती बाहेर बदलायचीच नाही. हूड कायम लावलेला. जोड आणि फटी काळ्या टेपनं बंद कर, वर जाड प्लॅस्टिकची पिशवी, लेन्सपुरतं भोक पाडून रबर लावलेली. चालत्या गाडीच्या आत बाहेरपेक्षा कमी धूळ असते असं समजू नकोस. उन्हाळ्यात हलवर कॅमेरा ठेवायचा नाही. राजस्थानातल्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश नोंदलं गेलं ते सावलीतलं तापमान, उन्हातलं पोलाद हाताला लावून घेत नाही. आम्ही रोल घट्ट झाकणाच्या डब्यात घालून तंबूच्या आत हातभर खोल पुरायचो, खाली वाळू गार असते. तुझ्या जादा बॅटऱ्यांनाही तेच लागू. जानेवारीत उलट, पहाटे बॅटरी अंगावरच्या खिशात ठेव.

फायरिंगचा फोटो सगळ्यांनाच हवा असतो. तोफेचा जाळ बघून बटण दाबशील तर तुला फक्त धूर मिळेल. कॅमेरा आधी फोकस करून ऑटोफोकस बंद कर, रेडिओवरचा फायर ऑर्डर ऐकत राहा आणि गोळा सुटायच्या आधीच बर्स्ट सुरू कर. कॅमेरा वाळूच्या पोत्यावर ठेवून रिमोटनं चालवलास तर सगळ्यांत उत्तम, कारण दणक्यानं जमीन हादरते आणि नळीखालची वाळू उसळून सगळं झाकून टाकते. तू स्वतः कुठं उभा राहायचंस ते रेंज सेफ्टी ऑफिसर सांगेल, आणि त्याच्याशी कोनावरून हुज्जत घालायची नाही. सॅबो, म्हणजे आवरणात बसवलेला बाणासारखा गोळा, नळीतून सुटला की त्याची आवरणं वेगळी होऊन दोन्ही बाजूंना खूप लांबवर फेकली जातात, म्हणून पुढच्या बाजूला तिरपंही उभं राहता येत नाही. टी-७२ च्या मागंही लगेच उभं राहू नकोस, गोळ्यामागच्या दारूच्या नळकांड्याचं धातूचं बूड टरेटच्या मागच्या झडपेतून बाहेर फेकलं जातं. सुरक्षित अंतरावरून, बाजूनं, तेच टिपायचा प्रयत्न कर. नळीच्या जाळाचे फोटो ढिगानं असतात, हवेत उडालेल्या त्या बुडाचा फोटो कमी जणांनी काढलाय. बीएमपीवरून कॉन्कर्स क्षेपणास्त्र सुटतं तेव्हा त्याचा झोत मागं येतो, त्या रेषेत कुणीच नको. कानात प्लग हवेतच.

आणि चालत्या गाडीजवळ ड्रायव्हरला तू दिसत नाहीस, हे रोज सकाळी स्वतःला बजाव. हॅच बंद असेल तर त्याला पेरिस्कोपमधून समोरची फट दिसते, बस. टरेट कधीही फिरतं आणि बॅरल आडवं लागलं तर माणूस उरत नाही. गाडीवर चढण्याआधी क्रू कमांडरला सांगायचं, त्यानं हात केल्याशिवाय पाय ठेवायचा नाही.

इथं मी जरा जास्त बोलणार आहे. पराक्रममध्ये युद्ध न होताच आपल्या सैन्यानं पुष्कळ माणसं गमावली, आणि त्यातली बरीच सुरुंगांमुळं. सुरुंग आपणच पेरले होते. वाळवंटात वारा टिब्बे हलवतो, त्याबरोबर सुरुंगही जागा सोडतात, काल उघडा दिसणारा आज हातभर खाली जातो. चांगल्या कोनासाठी चार पावलं बाजूला जाणं हे फोटोग्राफरच्या अंगात असतं, लग्नात तू खुर्चीवरही चढला असशील. तिथं ती सवय सोड. खुणा केलेल्या वाटेबाहेर किंवा आधी गेलेल्या ट्रॅकच्या ठशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. मग कोन कितीही चांगला असो.

आता ठिकाणाचं. राजस्थानातल्या लोंगेवालाची लढाई तुला ट्रेनिंगमध्ये शिकवली असेल. डिसेंबर १९७१, ४ आणि ५ तारखेच्या मधली रात्र, मेजर कुलदीपसिंग चांदपुरींची २३ पंजाबची एक कंपनी आणि समोर पाकिस्तानी रणगाड्यांचा ताफा. उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं आली. त्या विमानांतून घेतलेले फोटो जरूर बघ. रणगाडा त्यात नखाएवढा आहे, पण वाळूवर ट्रॅकची गोल गोल वेटोळी पसरलीयत, जीव वाचवायला गाड्या कशा कशा वळल्या ते सगळं उमटलंय. वजन वाळूवर कसं लिहिलं जातं याचा याहून मोठा धडा नाही. आणि वरून बघणाऱ्याला ट्रॅक काय काय सांगतो याचाही. गाड्या झाडीत दडवल्यावर आपण मागचे ठसे पुसतो ते याचसाठी. मग तेच ठसे, तीच झाडी तू फोटोत दाखवलीस तर पुसून काय उपयोग?

२००७ मध्ये इराकमधल्या एका अमेरिकी तळावर नवी अपाचे हेलिकॉप्टरं आली. सैनिकांनी हौसेनं फोटो काढून इंटरनेटवर टाकले, फोटोंच्या आत जिओटॅग (जागेची आपोआप होणारी नोंद) होते, शत्रूनं त्यावरून नेमकी जागा काढली आणि मॉर्टरच्या माऱ्यात चार हेलिकॉप्टरं गेली. ही हकिकत अमेरिकी सैन्यानंच नंतर जाहीर केली. जिओटॅग बंद करणं सोपं आहे. कठीण आहे ते फ्रेममधून बाकीचं काढणं: बाणाच्या खुणेनं सुरू होणारा गाडीचा नंबर, फॉर्मेशनचं चिन्ह, किती गाड्या ओळीत आहेत, कुणावर जादा अँटेना आहेत म्हणजे कमांडरची गाडी कुठली, नांगर किंवा रोलर लावलाय का, नेम धरायच्या साइट्स, कॅम नेट (गाडी लपवायचं जाळं) कसं टाकलंय. पाठीमागं पाण्याची टाकी, मैलाचा दगड, मंदिराचं शिखर, एकटं उभं खेजडीचं झाड. सावलीच्या लांबीवरून आणि दिशेवरूनही वेळ आणि दिशा निघते. काढतानाच कोन असा घे की हे फ्रेममध्ये येणारच नाही. नंतर पुसट करण्यावर विसंबू नकोस, कारण मूळ फाइल कुठंतरी राहतेच.

कार्डांची नोंद अ‍ॅडज्युटंटकडं (सीओंच्या कचेरीचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याकडं), कॅमेरा फक्त युनिटचा, स्वतःच्या मोबाइलवर एकही फ्रेम नाही. जुलै २०२० मध्ये सैन्यानं ८९ अ‍ॅप फोनमधून काढून टाकायला सांगितली होती, त्यामागं हेच होतं. १९२३ चा ऑफिशियल सीक्रेट्स अ‍ॅक्ट अजून लागू आहे आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर कुणी ऐकून घेत नाही.

तू विचारलं नाहीस, पण उद्या खरंच लढाई झाली तर जळालेल्या गाड्यांसमोर उभं राहावं लागेल. जळालेल्या गाडीत चढायचं नाही, आत न फुटलेला दारूगोळा असतो. टी-७२ च्या टरेटखाली गोल फिरणाऱ्या ट्रेमध्ये २२ राउंड असतात, टरेट उडून बाजूला पडलेलं दिसतं ते त्यामुळं. आपल्या गाडीला गोळा कुठं लागला आणि कितपत आत गेला हे फक्त अधिकृत नोंदीसाठी काढायचं, कारण समोरच्याला नेमकी तीच माहिती हवी असते. पकडलेला शत्रू सैनिक हा तमाशा नाही. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचं कलम १३ त्याला लोकांच्या बघ्या नजरेपासून संरक्षण देतं, त्यामुळं त्याच्या चेहऱ्याचा फोटो मिरवायचा नाही. आणि गाडीत आपला किंवा त्यांचा कुणी गेला असेल तर? १९९१ मध्ये आखाती युद्धात एका महामार्गावर केनेथ जारेकी या फोटोग्राफरनं ट्रकमध्ये जळालेल्या इराकी सैनिकाचा फोटो काढला. अमेरिकेत एपी या वृत्तसंस्थेनं तो पुढं पाठवला नाही, ब्रिटनमध्ये ‘ऑब्झर्व्हर’ या वर्तमानपत्रानं छापला. त्यानं तो काढला हे मला बरोबर वाटतं. पण तो पत्रकार होता, तू सैनिक आहेस. तू काढलेलं वरिष्ठांच्या हाती दे, छापायचं की नाही ते ठरवणं तुझं काम नाही. आपल्यातला कुणी असेल तर त्याच्या घरच्यांना कळण्याआधी तो फोटो कुणीही बघता कामा नये.

प्रत्येक कार्डाबरोबर वही ठेव. तारीख, गाडीचा प्रकार, काय चाललंय, माणसांची नावं, सगळं युनिटच्या वहीतच. गाडीचा प्रकार चुकवू नकोस. चाकं मोज: टी-५५ ला पाच आणि पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये मोठी फट, टी-७२ ला सहा, अर्जुनला सात. बीएमपी-२ लाही सहाच, पण टरेट लहान आणि तोफ बारीक, ३० मिलिमीटरची. सुट्टीत अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम बघून ये, १९९४ पासून आहे. तिथं सेंच्युरियन, विजयंता, पकडलेला पॅटन हे जुने रणगाडे सगळे शांत उभे आहेत, कितीही वेळ त्यांच्याभोवती फिर आणि ऊन कुठल्या बाजूनं कसं पडतं ते बघ.

राहिला आईचा फोटो. शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळीसारख्या गावात घराघरांत भिंतीवर वर्दीतला फोटो असतो, तुझ्याही घरी जागा ठरलेली असणार. तिला रणगाडा नको असतो, तिला पोरगं बारीक झालंय का ते बघायचं असतं. तंबूच्या कनातीचा साधा पडदा मागं घे, सकाळची सावली, ५० ची लेन्स, चेहरा आणि खांदे एवढंच. नावाची पट्टी आणि युनिटचं चिन्ह फ्रेमबाहेर. मित्राकडून काढून घे, अ‍ॅडज्युटंट साहेबांना दाखव, त्यांनी हो म्हटलं की प्रिंट पाकिटात घालून पोस्टानं पाठव. फोनवरून नको. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फाइलमध्ये आतली माहिती तशीच राहते, आणि एकदा गावच्या ग्रुपवर गेलेला फोटो कुणाला परत घेता येत नाही.